मोटारीला दिवा देणारे चार्ल्स केटरिंग

आखाजीला किंवा दिवाळीला कोसाडहून खानदेशात आपल्या गावी जाणाऱ्या कुटुंबांना रात्रीचा प्रवास नवा नाही. कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड अशी गावे एकामागून एक मागे पडतात, नवापूरची हद्द ओलांडली जाते आणि पुढे कोंडाईबारीच्या घाटात गाडी शिरली म्हणजे बाहेर नुसता काळोख उरतो. (आमचे विद्यार्थी त्याला अंधार म्हणतात, आम्ही पडलो कोंकणीभाषक, आमच्या तोंडी काळोखच येतो.) अशा वेळी वळणावरून एखादी मालमोटार समोर येते, तिच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर पडतो आणि क्षणभर काहीच दिसेनासे होते. चालक सभ्य असेल तर तो लगेच आपला झोत खाली उतरवतो. आपलाही चालक तसेच करतो, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना वाट देऊन निघून जातात. रात्री डिपर वापरा, अशी विनंती मालमोटारींच्या पाठीवर रंगवलेली आपण सर्वांनी वाचली आहे. परंतु हा दिवा मोटारीवर आला कोठून, त्याला वीज कोण पुरवतो, याचा विचार आपल्यापैकी थोड्यांनीच केला असेल.

मोटारीच्या दिव्यांमागे, तिच्या चालू होण्यामागे आणि तिच्या इंजिनातील ठिणगीमागे अनेकांची बुद्धी आहे. त्यांतील एक नाव मात्र सर्वांत ठळक आहे, ते चार्ल्स फ्रँक्लिन केटरिंग यांचे. हे गृहस्थ अमेरिकन होते, जन्माने शेतकरी होते आणि आरंभी काही काळ आमच्यासारखेच शाळामास्तर होते. शिवाय त्यांचे डोळे जन्मभर अधू होते. या शेवटच्या गोष्टीमुळेच त्यांचे चरित्र आपल्या वार्षिकात यावे असे आम्हांस वाटले. वर्गात फळा नीट न दिसल्यामुळे मागच्या बाकावर गप्प बसणारी आणि म्हणून मंदबुद्धीची ठरवली जाणारी मुले प्रत्येक शाळेत असतात, आमच्याही आहेत.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो संस्थानातील लाऊडनव्हिल या लहान गावाजवळच्या शेतावर झाला. वडिलांचे नाव जेकब, आईचे मार्था. पाच भावंडांत चार्ल्स चौथे. घरी गाईगुरे, शेतीची कामे आणि घासलेटचा दिवा. पुस्तक डोळ्यांजवळ धरून फार वेळ वाचले की त्यांचे डोके असह्य दुखू लागे. तरीही मुलगा हुशार होता. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांना जवळच्याच खेड्यात मास्तराची नोकरी मिळाली. दिवसा ठरलेले पाठ शिकवून झाले की संध्याकाळी ते वीज, उष्णता, चुंबक आणि गुरुत्वाकर्षण यांचे प्रयोग करून दाखवीत, आणि ते पाहण्यास विद्यार्थी आवडीने जमत. आजही खेड्यातील शाळेत असा एखादा मास्तर लाभला तर मुलांचे भाग्यच म्हणावयाचे.

पुढे शिक्षकाची नोकरी सोडून ते ओहायो राज्य विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकी शिकण्यास गेले. तेथे डोळ्यांनी दगा दिला. वाचन इतके असह्य झाले की त्यांना अभ्यासक्रम अर्धा टाकून परत यावे लागले. ज्या वयात बरोबरीची मुले पदव्या घेऊन बाहेर पडत होती, त्या वयात केटरिंग टेलिफोनचे खांब पुरण्यासाठी खड्डे खणणाऱ्या मजुरांच्या टोळीत होते. खुल्या हवेत आणि पुस्तकांपासून दूर राहिल्यामुळे डोळ्यांना विसावा मिळाला, हा एक लाभ. दुसरा लाभ असा की हाताने तारा ओढता ओढता, खांबावर चढून जोड बसवता बसवता, विजेचा प्रवाह कोठून कसा जातो हे त्यांना पुस्तकाशिवाय उमगले. थोड्याच दिवसांत ते टोळीचे मुकादम झाले. ह्याच काळात त्यांची ऑलिव्ह विल्यम्स या तरुणीशी ओळख झाली. १९०५ साली त्यांचा विवाह झाला.

प्रकृती सुधारल्यावर ते पुन्हा विद्यापीठात गेले. ह्या खेपेस एका खोलीत राहणारे सोबती त्यांना पाठ्यपुस्तके मोठ्याने वाचून दाखवीत आणि ते ऐकून ध्यानात ठेवीत. १९०४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते पदवीधर झाले. त्या सोबत्यांची नावे कोणी फारशी घेत नाही; परंतु आमच्या मते केटरिंग यांच्या पदवीत त्यांचाही वाटा आहे.

पदवी मिळताच डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. मोठ्या दुकानांत गल्ल्यावर जे हिशेबाचे यंत्र असते ते हा कारखाना बनवीत असे. त्या काळी प्रत्येक विक्रीच्या वेळी दुकानदाराला त्या यंत्राचा दांडा हाताने फिरवावा लागे. केटरिंग यांच्याकडे काम आले ते हा दांडा विजेने फिरवण्याचे. अडचण अशी की एवढ्या जोराने यंत्र फिरवणारी विजेची मोटर आकाराने मोठी असावी लागते, आणि मोठी मोटर तर गल्ल्यात मावत नाही. केटरिंग यांनी प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. गल्ल्याची मोटर दिवसभर सतत थोडीच चालावयाची आहे? एका विक्रीपुरती क्षणभर फिरावयाची, मग स्वस्थ बसावयाचे. लहान मोटरीवर तिच्या नित्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी अधिक भार घातला तरी तो क्षणभरच असेल तर ती तापून जळत नाही, मधल्या वेळेत निवते. बाजारात हमालही पाठीवर क्विंटलचे पोते घेऊन दहा पावले चालतो, दहा कोस चालत नाही. तोच हा हिशेब. १९०६ साली विजेवर चालणारा गल्ला तयार झाला. ही एवढीशी कल्पना विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी कीर्ती तिच्यातूनच आली.

त्याच कारखान्यात एडवर्ड डीड्स नावाचे एक वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या घरामागे गवत साठवण्याचे एक कोठार होते. नोकरीची वेळ संपली की केटरिंग, डीड्स आणि कारखान्यातील त्यांचे काही सोबती ह्या कोठारात जमत आणि रात्री उशिरापर्यंत मोटारीच्या विजेच्या यंत्रणेवर खटपट करीत. लोक त्यांना कोठारवाली टोळी म्हणू लागले. पहिले फळ आले ते ठिणगी पाडण्याच्या सुधारलेल्या यंत्रणेचे. इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोलच्या वाफेचा आणि हवेचा भडका उडवण्यासाठी योग्य क्षणी एक ठिणगी लागते. ती बॅटरीच्या विजेने खात्रीने पडावी अशी ही रचना होती. कॅडिलॅक मोटारीचे कारखानदार हेन्री लीलँड यांना ती पसंत पडली. १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्या भागीदारीत स्वतःची कंपनी काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून डेल्को हे नाव झाले.

आता मोटारीच्या दांड्याकडे वळू. त्या काळात मोटार चालू करावयाची म्हणजे गाडीच्या तोंडाशी उभे राहून लोखंडी हँडल जोराने फिरवावे लागे. हे हँडल आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी जीपगाडीला आणि मालमोटारीला मारलेले पाहिले असेल. इंजिन कधीकधी उलटा झटका देई, आणि मग हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडे, कधी जबड्यावर आघात होई. स्त्रियांना आणि वृद्धांना तर हे काम जवळजवळ अशक्यच. त्यामुळे घोडागाडीला पर्याय म्हणून आलेली मोटार बळकट पुरुषांपुरतीच राहिली होती.

येथे एक गोष्ट सांगितली जाते. बायरन कार्टर नावाचे एक मोटार-कारखानदार रस्त्यात अडकलेल्या एका बाईंची कॅडिलॅक चालू करून देण्यास गेले, हँडल उलटले, जबडा मोडला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. ते लीलँड यांचे मित्र होते, म्हणून १९१० च्या सुमारास व्यथित झालेल्या लीलँड यांनी हँडल नाहीसे करण्याचा निर्धार करून केटरिंग यांना बोलावले. गोष्ट हृदयस्पर्शी आहे आणि अनेक पुस्तकांत छापली गेली आहे. तथापि कार्टर यांचा मृत्यू एप्रिल १९०८ मध्ये झाला होता. तारखांचा मेळ बसत नाही. इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना सनावळ्या पाठ करावयास लावतो त्याचा एक उपयोग हाही आहे. लीलँड यांनी मागणी केली आणि केटरिंग यांनी ती पुरी केली, एवढे मात्र निश्चित.

जाणत्या अभियंत्यांचे मत असे होते की इंजिन फिरवण्याइतकी दांडगी विजेची मोटर आणि तिला पुरेल एवढी बॅटरी गाडीत बसवली तर माणसांना जागाच उरणार नाही. केटरिंग यांना गल्ला आठवला. इंजिनही क्षणभरच फिरवावयाचे असते. ते एकदा पेटले की आपल्या बळावर चालते. लहान मोटरीवर क्षणभर जबर भार घालावा, हीच युक्ती येथेही लागू पडली. परंतु केटरिंग तेवढ्यावर थांबले नाहीत. इंजिन चालू झाल्यावर तीच मोटर निरुद्योगी का बसावी? इंजिनाने तिला फिरवावे, म्हणजे ती वीज निर्माण करील. ती वीज बॅटरीत साठेल. बॅटरीतून ठिणगी पडेल आणि बॅटरीतूनच दिवे लागतील. ज्या हाताने घेतले त्याच हाताने परत देणारी ही यंत्रणा होय. पहिल्या गाड्यांत चालू करण्याच्या क्षणी बॅटरीचे कप्पे एकापुढे एक जोडले जाऊन २४ व्होल्टचा दाब मिळे, आणि इंजिन पेटताच ते समांतर जोडले जाऊन दिव्यांसाठी व साठवणीसाठी ६ व्होल्ट राहत. एकसर आणि समांतर जोडणीचा पाठ आमच्या शास्त्राच्या पुस्तकात आहे. तो रुक्ष वाटत असेल त्यांनी हे उदाहरण पाहावे.

फेब्रुवारी १९११ मध्ये लीलँड यांना ह्या यंत्रणेचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्या हँडलवाचून चालू होणाऱ्या व विजेच्या दिव्यांनी उजळणाऱ्या अशा बाजारात आल्या. इंग्लंडमधील ड्यूअर चषक कॅडिलॅकने ह्यामुळे दुसऱ्यांदा जिंकला. येथे न्यायाने एक सांगितले पाहिजे. मोटारीवर विजेचा दिवा लावणारे केटरिंग हे पहिले नव्हेत; त्यांच्यापूर्वीही काही गाड्यांवर असे दिवे होते. पण बॅटरी रिकामी झाली की ते विझत, म्हणून बहुतेक गाड्यांवर कार्बाईडच्या वायूचे दिवे असत. पाण्याचे थेंब कार्बाईडवर पाडावयाचे, वायू तयार होऊ द्यावयाचा, काच उघडून काडी ओढावयाची, वाऱ्याने विझली की दुसरी ओढावयाची. पावसात काय गत होत असेल याची कल्पनाच करावी! केटरिंग यांनी दिवा दिला म्हणण्यापेक्षा न विझणाऱ्या दिव्याची सोय दिली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. आणि ही सोय करणाऱ्या माणसाला स्वतःला दिव्याखाली पुस्तक वाचताना त्रास होत असे.

दिवा आला तशी कळही आली. काडीची जागा खटक्याने घेतली. प्रारंभी एकच झोत होता. तो इतका प्रखर होत गेला की समोरच्या चालकाचे डोळे दिपू लागले. मग एकाच दिव्यात दोन तंतू, एक दूरचा झोत टाकणारा आणि दुसरा खाली जवळ टाकणारा, अशी रचना १९२० नंतरच्या दशकात रूढ झाली, आणि ह्या दोहोंमध्ये निवड करण्यासाठी चालकाच्या डाव्या पायाखाली दुसरी कळ आली. हीच ती डिपरची कळ. जुन्या जीपगाडीत क्लचच्या डावीकडे जमिनीवर जे लोखंडी बटण असे ते हेच.

ह्या दोन कळांचे नाते समजून घेण्यास कॉर्व्हेट ही मोटार फार चांगली. केटरिंग ज्या जनरल मोटर्स कंपनीत पुढे गेले तिनेच १९५३ साली ही दोन आसनांची, शर्यती थाटाची गाडी काढली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या बनल्या. आज अशा जुन्या गाड्या हौशी लोक जिवापाड जपतात. त्यांच्या तक्रारींत दिव्यांची तक्रार हमखास असते. कळ बदलण्यापूर्वी कोणती कळ नादुरुस्त आहे हे ओळखता आले पाहिजे, आणि ते केवळ विचाराने ओळखता येते. वीज आधी चालकासमोरील फळीवरच्या मुख्य कळीत येते, तेथून पायाखालच्या कळीत जाते, आणि तेथे तिला दोन वाटा फुटतात : एक वरच्या झोताकडे, दुसरी खालच्या झोताकडे. तेव्हा दोन्ही बाजूंचे दोन्ही झोत एकदम गेले तर दोष फाट्याच्या अलीकडे, बहुधा मुख्य कळीत किंवा तिच्या तारेत. दोन्ही बाजूंचा एकच झोत, समजा वरचा, गेला आणि खालचा शाबूत असला तर संशय पायाखालच्या कळीवर. आणि ती तेथे चिखल, पाणी, बुटांचा मार सोसत असल्यामुळे ती बिघडणे नवल नव्हे. एकाच बाजूचा दिवा गेला तर दोन्ही कळा निर्दोष. दिवा किंवा त्याचा अर्थ तपासावा. दिवे आपोआप विझून पुन्हा लागत असले तर कोठेतरी प्रवाह वाजवीपेक्षा अधिक वाहत आहे आणि मुख्य कळीत बसवलेला रक्षक खटका तो तोडीत आहे असे समजावे. अशा वेळी नुसती कळ बदलून आजार बरा होत नाही.

बदलण्याचे काम अवघड नाही. प्रथम बॅटरीची तार सोडावयाची. हा नियम कारागिराने कधी मोडू नये. मुख्य कळीची मूठ पूर्ण बाहेर ओढून, फळीच्या मागे हात घालून, कळीच्या अंगावरील लहानसे स्प्रिंगचे बटण दाबले की मूठ दांड्यासह हातात येते. मग समोरची कडी आट्यांवरून फिरवून काढली की कळ मागच्या बाजूस सुटते. तारांचा जोड उपसून नव्या कळीला बसवावयाचा. पायाखालच्या कळीसाठी गालिचा उचलावा लागतो. दोन स्क्रू आणि तीन तारांचा एक जोड, एवढाच तिचा पसारा. एक तार आणणारी, दोन नेणाऱ्या. कॉर्व्हेटमध्ये एक गंमत अशी की तिचा सांगाडा लोखंडी असला तरी वरचे अंग काचतंतूंचे आहे. साध्या गाडीत लोखंडी अंगच परतीच्या तारेचे काम करते. काचतंतूंतून वीज जात नाही, म्हणून येथे परतीसाठी निराळ्या तारा ओढाव्या लागतात. त्यांच्या टोकांना गंज चढला की दिवे मिणमिणू लागतात आणि मालक व्यर्थ कळीला दोष देत बसतो.

असो. आम्ही चरित्र सोडून कारखान्यात शिरलो. डेल्कोची भरभराट झाली. १९१६ साली केटरिंग व डीड्स यांनी ती विकली आणि दोनच वर्षांत ती जनरल मोटर्समध्ये सामील झाली. त्याच सुमारास खेड्यांतील शेतघरांसाठी ३२ व्होल्टचा लहानसा वीजसंच त्यांनी बाजारात आणला. ज्या मुलाने घासलेटच्या दिव्याशी डोळे फोडले त्याने शेतकऱ्याच्या घरात बटणाचा दिवा नेला. आम्हांस त्यांच्या सर्व शोधांत हा विशेष प्रिय आहे.

१९२० पासून १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख होते. त्यांच्या नावावर दीडशेहून अधिक पेटंटे आहेत. मोटारींचा रंग वाळण्यास पूर्वी आठवडे लागत. संशोधनाने ते काम काही तासांवर आले. आगगाडी ओढण्याजोगे हलके डिझेल इंजिन त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले, आणि २६ मे १९३४ रोजी त्या इंजिनाची गाडी डेन्व्हरहून निघून शिकागोपर्यंतचे हजार मैलांहून अधिक अंतर सुमारे तेरा तासांत तोडून गेली. अपयशही मोठे आले. तांब्याच्या पट्ट्यांनी हवेवर थंड होणारे इंजिन त्यांनी मोठ्या हौसेने बनवले. १९२३ साली त्या गाड्या बाजारात गेल्या आणि दोष निघाल्यामुळे परत बोलवाव्या लागल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी तो स्वीकारला नाही.

आपल्या देशाशीही ह्या कंपनीचा जुना संबंध आहे. १९२८ साली मुंबईत शिवडीला तिने मोटार-जोडणीचा कारखाना काढला. आपल्या देशातील असा तो पहिला. १९५४ साली तो बंद झाला. पुढे कंपनी पुन्हा आली ती १९९६ साली आपल्या गुजरातेत हालोल येथे, नंतर महाराष्ट्रात तळेगाव येथे. हालोलचा कारखाना २०१७ साली आणि तळेगावचा २०२० साली थांबला.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना लेखणी जड होते, पण ते वगळले तर हे चरित्र राहणार नाही, स्तोत्र होईल. इंजिनातून ठणठण असा आवाज येऊन त्याची ताकद कमी होण्याचा एक विकार त्या काळी फार होता. काही लोक त्याचा दोष केटरिंग यांच्या ठिणगीलाच देत, आणि ते त्यांना झोंबले होते. त्यांच्या हाताखालचे थॉमस मिजली यांनी वर्षानुवर्षे नाना द्रव्ये पेट्रोलात मिसळून पाहिली आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग रामबाण ठरले. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनमध्ये असे पेट्रोल विकण्यास आरंभ झाला. त्याला एथिल असे गोंडस नाव देण्यात आले; नावात शिशाचा उल्लेख नव्हता. शिसे विषारी आहे हे तर प्राचीन काळापासून माहीत होते. मद्यार्क मिसळूनही तो विकार आटोक्यात येतो, हेही ह्या मंडळींना ठाऊक होते. परंतु मद्यार्क कोणालाही गाळता येतो, त्याचे पेटंट घेता येत नाही. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले आणि त्यांतले पाच मरण पावले. इतर ठिकाणीही मृत्यू झाले. त्या वेळी एथिल कंपनीचे अध्यक्ष केटरिंग होते. १९२५ साली सरकारने परिषद भरवली, काही काळ विक्री थांबली; केटरिंग यांनी तेथे आपल्या द्रव्याची बाजू मांडली. पुढच्या वर्षी विक्री पुन्हा सुरू झाली, आणि नंतर जवळजवळ सर्व जगाच्या मोटारी अर्धशतकाहून अधिक काळ हवेत शिसे सोडीत राहिल्या. ह्या शिशाचा सर्वांत मोठा घाव लहान मुलांच्या मेंदूवर होतो. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातील अखेरचा देश अल्जीरिया, तेथे ते २०२१ साली थांबले.

केटरिंग दुष्ट होते काय? तसे आम्हांस वाटत नाही. पण अजाण होते असेही म्हणवत नाही. समोरच्या यंत्राचा दोष पाहताना ज्याची दृष्टी इतकी तीक्ष्ण, त्याला कारखान्यातील कामगार आणि रस्त्याकडेची मुले दिसू नयेत, ह्याला काय म्हणावे? डोळे अधू असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी मिळालेले धन शिक्षण आणि वैद्यकीय संशोधन यांकडे वळवले. १९२७ साली त्यांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. विद्यार्थ्याने काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात शिकावे, ह्या पद्धतीचे ते मोठे पुरस्कर्ते होते. खांब पुरलेल्या मुकादमाला ते सुचणे साहजिकच होते. १९४५ साली स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाच्या संशोधनाची संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह निवर्तल्या. डेटनच्या शेजारच्या वस्तीने १९५२ साली केटरिंग हे नाव घेतले. जिवंतपणीच आपल्या नावाचे गाव पाहण्याचा योग त्यांना आला. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

एक प्रश्न मात्र त्यांना अखेरपर्यंत सोडीत नव्हता, आणि तो मोटारीचा नव्हता. शेतावर वाढलेल्या ह्या माणसाला गवत हिरवे का असते आणि पान सूर्याचा प्रकाश कसा साठवते हे समजून घ्यावयाचे होते. बॅटरीत वीज साठवणे त्यांना साधले होते, पानाला जे साधते ते मात्र त्यांना कळत नव्हते. त्यासाठी त्यांनी ओहायोतील अँटिऑक महाविद्यालयात वर्षानुवर्षे पैसा पुरवून संशोधन चालवले. त्या कोड्याचा एक मोठा भाग अखेर कॅलिफोर्नियातील मेल्विन कॅल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडला. कॅल्विन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा केटरिंग यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.